ही नळी आज काढता येईल का?

नाशिकमधील एका खासगी रुग्णालयात मी अनेक वर्षे परिचारिका होते आणि नोकरीचा शेवटचा काळ संसर्ग नियंत्रणाच्या कामात गेला. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, निफाड, येवला या तालुक्यांतून शहरात आणलेला अत्यवस्थ रुग्ण बहुतेक वेळा गावाजवळच्या एखाद्या दवाखान्यात सलाईन आणि इंजेक्शने घेऊन आलेला असतो, आणि अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांची पहिली विनंती जवळजवळ ठरलेली असते : "सिस्टर, डॉक्टरांना सांगा, हायर अँटिबायोटिक चालू करा. पैशांचे आम्ही बघतो." त्या विनंतीमागची माया मला कळते. तरीही याच नातेवाइकांनी रुग्णाच्या मानेतील, श्वासाच्या किंवा लघवीच्या नळीविषयी रोज सकाळी आणखी एक प्रश्न विचारावा, असे मला मनापासून वाटते : "ही नळी आज काढता येईल का?"

या प्रश्नामागचे कारण आहे अँटिबायोटिकांना न जुमानणारे जिवाणू. औषधाला दाद न देणारा असतो तो जिवाणू, रुग्ण नव्हे. म्हणूनच ज्याने चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून कधी एक गोळीही घेतलेली नाही, अशा माणसालाही शेजारच्या खाटेवरचा क्लेब्सिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर गाठू शकतो. अ‍ॅसिनेटोबॅक्टर तर खाटेच्या कठड्यासारख्या किंवा मॉनिटरच्या बटणांसारख्या कोरड्या जागीही कित्येक आठवडे तग धरतो. शिवाय प्रतिकाराची जनुके एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. मेरोपेनेमसारख्या प्रभावी अँटिबायोटिकांना निकामी करणाऱ्या एनडीएम-१ या विकराचे (एन्झाइमचे) वर्णन २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, तेव्हा ते एकाच रुग्णाच्या क्लेब्सिएलामध्येही होते आणि ई. कोलाय या दुसऱ्या जातीच्या जिवाणूमध्येही. मेरोपेनेम लागू पडेनासे झाले की पुष्कळदा कोलिस्टिन या अँटिबायोटिककडे वळावे लागते आणि कोलिस्टिन मूत्रपिंडांना इजा करू शकते. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

आता नळ्यांविषयी. निरोगी माणसाची त्वचा, घशातील खोकल्याची उबळ आणि लघवीचा प्रवाह हे तिन्ही जिवाणूंना बाहेर ठेवतात. मानेतील मोठ्या शिरेत घातलेली नळी म्हणजे सेंट्रल लाइन, श्वासनलिकेतील व्हेंटिलेटरची नळी आणि लघवीची नळी हे तिन्ही पहारे बाजूला सारतात. या नळ्या जीव वाचवतात, याबद्दल वाद नाही. परंतु त्यांच्या पृष्ठभागावर जिवाणू चिकट थर तयार करून राहतात आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. लघवीची नळी घातल्यावर लघवीत जिवाणू शिरण्याची शक्यता प्रत्येक दिवसामागे साधारण ३ ते ७ टक्के असते. रुग्णाला स्वतः लघवी करता येत असताना, केवळ अंथरूण ओले होऊ नये किंवा रात्री मनुष्यबळ कमी आहे म्हणून, ती नळी राहू दिली जाते, ही गोष्ट मला कायम अस्वस्थ करीत आली आहे. नळी आवश्यकच असेल, तर पिशवी कमरेच्या खालच्या पातळीवर पण जमिनीला न टेकणारी हवी आणि जोड उघडता कामा नये. रुग्णाला तपासणीसाठी नेताना ती पोटावर ठेवली जाते, तेव्हा पिशवीतील लघवी उलटी फिरते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत सेंट्रल लाइनसाठी पाच साध्या गोष्टींचा आग्रह धरला : हात धुणे, लाइन टाकताना पूर्ण निर्जंतुक आवरण वापरणे, त्वचेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढून टाकणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचे मध्यक (म्हणजे क्रमाने मांडल्यास मधोमध येणाऱ्या विभागाचे) प्रमाण हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) २.७ वरून शून्यावर आले. यात नवे औषध एकही नव्हते.

हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिल्या आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, शरीरद्रवाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. हँडरब, म्हणजे हातांना लावायचे जंतुनाशक, २० ते ३० सेकंद चोळावा लागतो. सर्वाधिक दुर्लक्ष पाचव्या वेळेकडे होते, कारण केवळ कठड्याला हात लागला तर त्यात काय, असे वाटते. हातमोज्यांमुळे तर खोटी निर्धास्ती येते. एकाच जोडीने तीन खाटा हाताळल्या, तर मोजे घालणाऱ्याचे रक्षण होते, रुग्णांचे नाही. मात्र एका सिस्टरकडे गरजेपेक्षा दुप्पट रुग्ण सोपवायचे आणि वर तिने प्रत्येक वेळी हात धुतले का, याचा जाब विचारायचा, हे मला न्याय्य वाटत नाही. खाटा पुसणाऱ्या मावशींनाही जंतुनाशक किती पाण्यात मिसळायचे आणि ते किती वेळ ओले राहू द्यायचे, हे कोणी बसून शिकवत नाही. तो वेळ व्यवस्थापनाने काढलाच पाहिजे.

औषधांबाबत नातेवाइकांना एवढेच सांगेन की पहिल्या डोसपूर्वी कल्चर, म्हणजे जिवाणू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडेल हे पाहण्याची तपासणी, पाठवले का, हे अवश्य विचारा. अहवालाला साधारण दोन ते तीन दिवस लागतात, आणि तोपर्यंत अत्यवस्थ रुग्णाला व्यापक प्रभावाचे अँटिबायोटिक देणे योग्यच असते. पण अहवाल आल्यावर ते नेमक्या, शक्य तर साध्या औषधावर आणले जावे. महागडे इंजेक्शन बंद झाले म्हणजे उपचार कमी केले, असा समज करून घेऊ नका. भेटीला जाताना खाटेवर बसू नका, आत शिरताना आणि बाहेर पडताना हात स्वच्छ करा, आणि एका रुग्णाला भेटून तसेच ओळखीच्या दुसऱ्या रुग्णाकडे जाऊ नका.

आणि रुग्णाला नाशिकहून मुंबईला किंवा परत तालुक्याच्या दवाखान्यात हलवायचे असेल, तर डिस्चार्जच्या कागदांत शेवटचा कल्चर अहवाल जोडून घ्या. तो तेथे पोहोचताच दाखवला, तर रुग्णाला वेगळी खोली द्यायची की कोपऱ्यातील खाट, आणि कोणते औषध देण्यात अर्थ नाही, हे पहिल्याच तासात ठरवता येते.