परदेशात शिकवायचंय? आधी डिग्रीवरचं लॅमिनेशन बघा

यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंत कितीतरी घरांत डिग्री लॅमिनेट केलेली सापडते. कवेलूचं छप्पर गळतं, वाळवी कुणाला सोडत नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडून प्लास्टिक चढवून घेतलेलं असतं. आखाती देशात शिकवायला जायचं ठरलं की हेच प्लास्टिक पहिलं आडवं येतं. साक्षांकनाचे, म्हणजे कागद खरा असल्याच्या सरकारी खात्रीचे, शिक्के आणि स्टिकर मूळ पदवीच्या मागच्या बाजूला लागतात, प्लास्टिकवर ते धरत नाहीत. इस्त्री फिरवून किंवा ब्लेडनं कोपरा उचलून लॅमिनेशन काढायला जाऊ नका. शाई प्लास्टिकला चिकटून निघते आणि कुलगुरूंची सही अर्धी तिकडेच जाते. विद्यापीठाकडून दुय्यम प्रत मागवायला वेळ लागतो, पण ते खात्रीचं काम आहे. आणि हातात फक्त प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरतं प्रमाणपत्र असेल, मूळ पदवी कधी उचललीच नसेल, तर आजच अर्ज टाका.

साक्षांकनाची साखळी अशी: आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य शासन म्हणजे मुंबईचं मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास. परराष्ट्र मंत्रालय हे कागद थेट अर्जदाराकडून घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत घेतं. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. या करारातल्या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर पुरतं, दूतावासात जावं लागत नाही. त्यामुळे ओमान, बहारीन आणि २०२२ पासून सौदी अरेबिया यांच्यासाठी अपोस्टिलचं स्टिकर लागतं. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत यांच्यासाठी मात्र दूतावासाची पायरी चढावीच लागते. कोणता देश ते ठरवल्याशिवाय शिक्के मारत सुटू नका, चुकीच्या साखळीचा खर्च परत मिळत नाही.

हे सगळं पात्रता असेल तर. डी.एड.वाल्यांनी इथं थांबून वाचावं. बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्राह्य धरतात, बाहेर ती एकटी फारशी चालत नाही. इंग्लंडला पदवी लागते आणि शिक्षकाचं प्रशिक्षणही पदवीच्या पातळीचं लागतं. ऑस्ट्रेलियाला विद्यापीठीय स्तरावरची किमान चार वर्षं मोजून हवी असतात, त्यातच शिक्षक प्रशिक्षण यावं लागतं. बी.एस्सी.ची तीन आणि बी.एड.चं एक वर्ष मिळून चार भरतात. २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, म्हणजे आता पाच. डी.एड. करून नंतर बाहेरून बी.ए. केलेल्यांनी परदेशाचा विचार पक्का असेल तर नियमित बी.एड. करून घ्यावं, याला जवळचा रस्ता नाही.

आता देश. ज्यांनी सेमी-इंग्रजीत गणित-विज्ञान शिकवलंय त्यांच्यासाठी आखातातल्या सीबीएसई शाळा हा सगळ्यात ओळखीचा दरवाजा आहे: अभ्यासक्रम आपलाच, बी.एड. आपलंच, मुलाखतीत एक नमुना पाठ. अमेरिकेच्या जे-१ कार्यक्रमात पदवी आणि किमान दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. पण तो देवाणघेवाणीचा व्हिसा आहे, मुदत संपली की परत यायचं हे गृहीत धरूनच जायचं असतं.

इंग्लंडमध्ये ‘क्यूटीएस’ म्हणजे पात्र शिक्षकाचा दर्जा घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना तिथं पुन्हा प्रशिक्षण न घेता या दर्जासाठी थेट ऑनलाइन अर्ज करता येऊ लागला. त्या वेळी ठेवलेली अट अशी: ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवायची पात्रता हवी. इतिहास-भूगोलवाल्यांनी अर्ज करण्याआधी अटींचं पान नीट वाचावं. अर्जाला फी नाही. कुणी ‘क्यूटीएस फी’ मागत असेल तर तो माणूस स्वतःसाठी मागतोय. किमान एका शैक्षणिक वर्षाचा, म्हणजे नऊ महिन्यांचा अनुभव लागतो. इंग्रजीसाठी बी-२ ही पातळी लागते, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ती प्रत्येक भागात ५.५ धरतात. चूक होते ती इथं: साधी आयईएलटीएस देऊन बसतात, आणि हवी असते ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’, म्हणजे ब्रिटिश व्हिसा विभागासाठीची. पेपर तोच वाटतो, पण ब्रिटिश गृहखात्याच्या हिशेबात दोन्ही वेगळ्या. बुकिंग करतानाच नाव वाचून घ्या आणि केंद्र कुठं मिळतंय तेही तिथंच बघा, नागपूर धरून चालू नका. दुसरं म्हणजे क्यूटीएस मिळालं म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. नोकरी देणारी शाळा आणि तिचं प्रायोजकत्व हे वेगळं प्रकरण आहे.

ऑस्ट्रेलियाची अट सगळ्यात कडक. तिथं स्थलांतरासाठी ‘एआयटीएसएल’ ही संस्था तुमची पात्रता तपासते. वाचन आणि लेखनात ७, ऐकणं आणि बोलण्यात ८ लागतात, आणि आयईएलटीएस देत असाल तर ती ॲकॅडेमिकच द्या. सगळे गुण एकाच बैठकीतले हवेत, दोन वेळचे जोडून चालत नाहीत. ‘माझं शिक्षण इंग्रजीतून झालं’ हे पत्रही चालत नाही, कारण ती सूट मोजक्या इंग्रजी देशांत शिकलेल्यांनाच आहे. ऐकण्यातले ८ म्हणजे ४० पैकी साधारण ३५ उत्तरं बरोबर. आणि ही तपासणी फक्त स्थलांतरापुरती, शिकवायला लागण्याआधी तिथल्या त्या-त्या राज्यात नोंदणी पुन्हा वेगळी.

पण खरी अडचण इंग्रजीची नाही, ४५ दिवसांची आहे. प्रशिक्षणात किमान ४५ दिवस देखरेखीखाली शिकवलं, हे एआयटीएसएलसाठी संस्थेनं लेटरहेडवर लिहून द्यावं लागतं. सध्याच्या बी.एड.मध्ये आंतरवासिता, म्हणजे शाळेतला प्रत्यक्ष सराव, मिळून २० आठवडे भरतात, म्हणजे दिवस आहेतच. गोची कागदात आहे. महाविद्यालयातून मिळतं ते ‘आंतरवासिता समाधानकारकरीत्या पूर्ण केली’ असं एका ओळीचं पत्र. जुन्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या कागदावर तर सराव पाठांची संख्या असते, आणि पाठ म्हणजे दिवस नव्हे. पत्रात एवढं हवंच: कोणत्या शाळेत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, प्रत्यक्ष किती दिवस, कोणते वर्ग, मुलांची वयं, कोणता विषय, कोणाच्या देखरेखीखाली. खाली प्राचार्यांचं नाव, पद, तारीख, सही, शिक्का. मसुदा स्वतः टाइप करून न्या, कार्यालयाला ते सोपं जातं. महाविद्यालय बंद पडलं असेल तर विद्यापीठाच्या संबंधित विभागाकडे जावं लागतं. म्हणून त्या काळातली पाठ टाचणांची वही आणि आंतरवासितेचा अहवाल रद्दीत घालू नका.

ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे मार्कशीटची झेरॉक्स नव्हे. सगळ्या वर्षांचे विषय आणि गुण एकत्र असलेला, विद्यापीठानं दिलेला कागद. पाकिटात द्यायचा असेल तर पाकीट विद्यापीठानंच बंद करायचं, झाकणाच्या जोडावर सही-शिक्का मारायचा, आणि तुम्ही ते फोडायचं नाही. ‘आत काय आहे बघू’ म्हणून फोडलं की कागद बाद. पदवी एका विद्यापीठाची आणि बी.एड. दुसऱ्याचं असेल तर दोन्हीकडे हेलपाटे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांचा एक खास गोंधळ: गोंडवाना विद्यापीठ २०११ चं. त्याआधीच्या परीक्षा नागपूर विद्यापीठाच्या, त्यामुळे महाविद्यालय तेच असलं तरी जुन्या गुणांसाठी नागपूरच गाठावं लागतं. मार्कशीटवर ज्याचं नाव, त्याच दारात जायचं.

नावाचा घोळ सगळ्यांकडेच असतो. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. त्यात ‘वानखडे’मधला ‘व’ दहावीत डब्ल्यूनं आणि आधारवर व्हीनं. आपल्याला हे एकच नाव दिसतं, तिकडच्या तपासनिसाला दोन माणसं दिसतात. पासपोर्ट अजून काढला नसेल तर स्पेलिंग पदवीप्रमाणे ठेवा. लग्न झालेल्या मुलींनी लक्षात ठेवा, पासपोर्टवर माहेरचं नाव कायम ठेवता येतं, बदलायची सक्ती नाही. नाव बदललंच असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली प्रसिद्धी आणि विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही फाइलला लावा.

अनुभवाचा दाखला विनाअनुदानित शाळेचा असेल तर प्रश्न पगाराचा येतो. रोखीनं हातावर दिलेल्या पैशाचा पुरावा कुठून आणणार? आजपासून तरी पगार बँकेत घ्या. नियुक्ती आदेश, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता असेल तर ती, हजेरीची प्रमाणित नक्कल, असं जमेल तेवढं जोडा. घड्याळी तासिकेवर काम केलं असेल तर आठवड्याचे तास स्पष्ट लिहून घ्या, पूर्णवेळ म्हणून लिहून घेऊ नका. पडताळणीचा ईमेल थेट शाळेला येतो, आणि शाळेच्या ईमेलचा पासवर्ड बहुधा यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती भरणाऱ्या सरांकडे असतो. त्यांना आधी सांगून ठेवा, स्पॅमही बघायला सांगा. मराठी दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. त्यापेक्षा मुख्याध्यापकांकडून मूळ दाखलाच इंग्रजीत घ्या. आणि नोकरी जिल्हा परिषदेची असेल तर परदेशगमनाची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय तिकीट काढू नका.

क्रम ठरवताना एकच बघा, कोणता कागद शिळा होतो. पदवी, ट्रान्स्क्रिप्ट, ४५ दिवसांचं पत्र, नावाची दुरुस्ती हे शिळं होत नाही आणि वेळही यालाच जास्त लागतो, म्हणून ते आधी. इंग्रजीचा निकाल दोन वर्षं चालतो, तो मधे. इंग्लंडच्या व्हिसासाठीच्या क्षयरोग चाचणीचा दाखला सहा महिनेच चालतो आणि गुन्हा नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखलाही ताजाच मागतात, म्हणून हे दोन्ही नोकरीचं पत्र हातात आल्यावर. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून निघतो, फी ५०० रुपये. पोलीस पडताळणीला येतील तेव्हा अर्जात दिलेल्या पत्त्यावर घरी असा. भाड्यानं नागपुरात आणि पत्ता गावचा, असं असलं की फाइल तिथंच अडकते.

एजंटकडे जायचं तर तो १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला आहे का, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. त्याला घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. इंग्लंडच्या शाळेचं पत्र दाखवत असेल तर ती शाळा परवानाधारक प्रायोजकांच्या यादीत आहे का बघा, यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. मूळ मार्कशीट ‘आमच्याकडेच राहू द्या’ म्हणणाऱ्याला देऊ नका. साक्षांकनाला मूळ पदवी द्यावीच लागली तर पावतीवर कागदाचं नाव, क्रमांक आणि परतीची तारीख लिहून घ्या, आणि देण्याआधी पुढून-मागून रंगीत स्कॅन करून ठेवा.