सरदार वाट पाहत बसत नाही

“आम्ही डोंगरात होतो तेव्हा सरदार काय करत होता?” मी टेबलाभोवती एक भूमिका-खेळ चालवतो, ज्यात खेळाडू कथेतले नायक होतात आणि बाकीचे जग मी सांभाळतो. त्याच्या आजच्या सत्रात एका खेळाडूने हे विचारले आणि सगळे फासे हातात धरून माझ्याकडे पाहू लागले.

उत्तर माझ्या वहीत होते. कथेतला खलनायक असलेल्या सरदाराने धान्याची कोठारे ताब्यात घेतली होती, आणि त्याच्यावर तिळमात्र विश्वास नसलेल्या व्यापारी संघाने नाइलाजाने त्याच्याशी तह केला होता. तरीही तो प्रश्न मनातून जात नाही, कारण खलनायकालाही स्वतःचे दिवस आणि स्वतःच्या चिंता असतात, हे त्यात प्रथमच गृहीत धरलेले होते.

२०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या भूमिका-खेळातली घड्याळांची पद्धत मला फार मोलाची वाटते: कथेतल्या एखाद्या गटाचे एक उद्दिष्ट लिहायचे, वर्तुळाचे ४, ६ किंवा ८ भाग करायचे आणि काळ सरेल तसे ते भरत जायचे. वर्तुळ भरले की घटना घडते, नायक तिथे असोत वा नसोत. मात्र प्रत्येक भागासोबत काहीतरी दिसायला हवे, जसे महागलेले धान्य, रात्री बंद राहू लागलेली वेस, एकाएकी बदललेला कोतवाल. कारण कोणतीही चाहूल न देता केलेली चाल खेळाडूंना अन्याय वाटते, आणि ते रास्तच आहे.

आता व्यापारी संघाला तह मोडायचा आहे, पण नायकांकडे मदत मागणे त्यांना कमीपणाचे वाटते. अशा मधल्या गटाची चाल तुम्ही सत्रापूर्वी ठरवता, की खेळाडूंचा कल पाहून?