घोडतोंड्या बिलचा सूड

गेल्या आठवड्यात मी सीक्वेल आधी वाचला आणि मूळ गोष्ट नंतर, म्हणजे जे कधी करू नये म्हणतात ते केलं, आणि खरं सांगू का, पस्तावलो नाही. 'बीटा रे बिल: गॉडहंटर', २००९ची कॉमिक मिनी-सीरिज, तीनच अंक, लेखक कायरन गिलन, चित्रं कानोची. एका बैठकीत संपते. संपल्यावर मात्र झोप नाही लागली, मग रात्रीच मागचं सगळं उकरून वाचायला घेतलं आणि पहाट झाली.

ज्यांना बिल माहीत नाही त्यांच्यासाठी. थॉरच्या (मार्व्हलचा हातोडेवाला हिरो, नॉर्स पुराणातला गडगडाटाचा देव) कॉमिकमधला हा एक परग्रहवासी, तोंड घोड्यासारखं (घोड्याच्या कवटीसारखं म्हणा हवं तर), अंगावर थॉरसारखेच कपडे, हातात हातोडा. पहिल्यांदा बघताना हसूच येतं. वॉल्टर सायमनसनने १९८३ साली 'थॉर'चा ३३७वा अंक स्वतः लिहायला आणि काढायला घेतला आणि पहिल्याच अंकाच्या कव्हरवर या घोडतोंड्याला थॉरच्या नावाची अक्षरं फोडताना दाखवलं. हिरोच्या घरात घुसून हिरोची पाटीच फोडायची, कसली एन्ट्री आहे यार!

पण सायमनसनची खरी करामत आत आहे. बिल राक्षस दिसतो, आहे मात्र पहारेकरी. त्याच्या कॉर्बिनाइट लोकांची अख्खी दीर्घिका जळून गेलीय, उरलेले सगळे जहाजांच्या ताफ्यात गाढ झोपवून ठेवलेत आणि त्यांना राखायला एकच जण जागा आहे. त्या कामासाठी त्याचं शरीर एका हिंस्र प्राण्यावर बेतून नव्याने घडवलंय, म्हणजे हे तोंड त्याचं जन्माचं नाहीये, लोकांसाठी घेतलेलं आहे. सोबतीला स्कटलबट नावाचं बोलणारं, विचार करणारं जहाज. बास, एवढाच गोतावळा. असा माणूस थॉरचा हातोडा उचलतो, जो लायक असल्याशिवाय कोणालाच उचलत नाही, आणि उचलतो म्हणजे काय, त्याला कळतही नाही काय झालं ते. पुढे थॉरचा बाप ओडिन दोघांना झुंजायला लावतो, बिल जिंकतो, आणि जिंकल्यावर बेशुद्ध थॉरला लाव्ह्यात पडण्यापासून वाचवतो. म्हणून मग त्याच्यासाठी वेगळा हातोडा बनतो, स्टॉर्मब्रेकर. ३३७ ते ३३९, तीन अंकांत एवढं सगळं. आजकाल एवढ्या पानांत नुसती ओळखपरेड होते.

मधली वीसेक वर्षं सोडून देतो, इकडेतिकडे पाहुणा म्हणून येतजात राहतो तो.

२००५मध्ये 'स्टॉर्मब्रेकर: द सागा ऑफ बीटा रे बिल' आली, सहा अंक, लेखक मायकल एव्हन ओमिंग आणि डॅनियल बर्मन, चित्रं आंद्रेया डी व्हिटोची. त्याच्या जरा आधीच अ‍ॅसगार्डचा, म्हणजे थॉरच्या देवलोकाचा, सर्वनाश झालेला, बिल तिथे मित्रांसाठी लढायला गेलेला आणि शेवटाच्या आधी थॉरने त्याला परत पाठवलेलं. घरी येतो तर काय, त्याच्या लोकांनी त्याच्या जागी दुसरा रक्षक नेमलाय, याच्यावर राग आहे की हा परक्या देवांच्या नादी लागला. आणि नेमका तेव्हाच गॅलॅक्टस येतो, ग्रह खाणारा. कॉर्बिनाइट लोकांचं नवं घर तो खातो. बिल काहीही करू शकत नाही. मला यातली लढाई फार लक्षात नाही राहिली, खरं तर मधले दोन अंक जरा ताणलेत, पण हा घाव लक्षात राहिला: शेजाऱ्याची आग विझवायला गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याचंच घर पेटलेलं असतं आणि घरातले म्हणतायत, तू होतास कुठे?

आता 'गॉडहंटर'. बिल ठरवतो की गॅलॅक्टसला मारायचं. पण गॅलॅक्टसला मारणार कसं? स्टॅन ली आणि जॅक कर्बीने १९६६मध्ये 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या ४८व्या अंकात त्याला आणला तेव्हापासूनच तो खलनायक नाहीये मुळी, तो भूक आहे. आपल्याआधीच्या विश्वातला एकटा वाचलेला जीव, ग्रह खाल्ल्याशिवाय जगू न शकणारा. त्याला शिव्या देणं म्हणजे पुराला शिव्या देणं. मग बिल काय करतो, तर सरळ हिशोब मांडतो: भूक आहे ना? मग उपाशी मार. गॅलॅक्टस ज्या ग्रहाकडे निघालाय तिथे त्याच्या आधी पोचायचं आणि तो ग्रहच उडवून द्यायचा. पुढचा ग्रह, पुन्हा तेच. ताटावर बसणार तेवढ्यात ताट ओढायचं.

मी हे वाचलं आणि क्षणभर मस्त वाटलं, काय डोकं आहे! आणि मग पान उलटताना पोटात खड्डा पडला. कारण ग्रह तर तसाही गेलाच ना. गॅलॅक्टसने खाल्ला काय आणि बिलने फोडला काय, आकाशातून एक ठिपका गेला तो गेला. कोणाचं जग राखायला ज्याला घडवलं तोच आता जगं फोडत फिरतोय आणि स्वतःला सांगतोय की हे मी माझ्या लोकांसाठी करतोय. कोणते लोक? कोण उरलंय?

मला हाच मुद्दा सगळ्यात भारी वाटतो आणि याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. सूडाच्या गोष्टीत आपण नेहमी राग बघतो. इथे राग नाहीये फारसा, इथे निष्ठा आहे, आणि तिला आता ठेवायला जागाच उरली नाहीये. पहारेकऱ्याला पहारा सोडून दुसरं काही येतच नाही, झोपलेल्यांना राखायचं एवढंच त्याचं आयुष्य, आता झोपलेलं कोणी नाही तर तो करणार काय, तर पहाऱ्याची दिशा फिरवतो आणि निघतो. त्याला वाटतं तो अजून ड्युटीवरच आहे.

वाचताना मला सारखा अश्वत्थामा आठवत होता. बघा ना, दुर्योधन मांडी मोडून पडलाय, युद्ध संपलंय, जिंकायला काही शिल्लक नाही, तरी हा सेनापती होतो आणि रात्री छावणीत घुसतो. धन्याशी निष्ठा आणि बापाचा सूड, दोन्ही खरं होतं त्याचं. आणि त्या दोन खऱ्या गोष्टींच्या जोरावर त्याने झोपलेली माणसं मारली, द्रौपदीची पाच पोरं मारली, वर उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडलं. बिल झोपलेल्यांना राखणारा आणि अश्वत्थामा झोपलेल्यांना मारणारा, टोकाची दोन माणसं, पण मधला रस्ता एकच आहे आणि तो भलताच छोटा आहे. फरक एवढाच की बिलच्या हातात असा हातोडा आहे ज्याचं स्वतःचं मत आहे. अश्वत्थाम्याचं अस्त्र त्याला विचारत नव्हतं की तू लायक आहेस का. (पुढे हातोड्याचं काय होतं ते सांगणार नाही, शेवटाबद्दल तर अजिबातच नाही, वाचा.)

तुलनाच करायची तर कॉमिकमधला अंतराळी सूडवीर म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी ड्रॅक्सचं नाव असतं. जिम स्टार्लिनने १९७३मध्ये 'आयर्न मॅन'च्या ५५व्या अंकात आणला. थॅनॉस या खलनायकाने मारलेल्या एका साध्या माणसाचा आत्मा, त्याला नवं शरीर दिलं ते कशासाठी तर थॅनॉसला मारायला, दुसरं कामच नाही. २००६च्या 'अ‍ॅनायहिलेशन' या कॉमिकमध्ये तो शेवटी मारतोही, आणि कधी, तर थॅनॉस नेमका गॅलॅक्टसला कैदेतून सोडवायला निघालेला असतो, म्हणजे एकदाच काहीतरी सगळ्यांच्या फायद्याचं करणार असतो तेव्हा! जबरदस्त सीन आहे, मी तो चार वेळा वाचलाय. पण ड्रॅक्सकडे निवड नव्हती, तो सूडासाठीच घडवलेला. बिल राखण्यासाठी घडवलेला, सूड त्याने स्वतः निवडला. म्हणून ड्रॅक्स बघताना थरार येतो आणि बिल बघताना गलबलून येतं.

तक्रारी आहेतच. तीन अंक फार कमी आहेत, बिलचा निश्चय इतक्या चटकन होतो की आधीचं न वाचलेल्याला (म्हणजे मला) वाटेल हा अचानक एवढा का पेटला. शोक करायला चार पानं तरी द्यायची ना. आणि स्कटलबट! इतक्या वर्षांची एकुलती सोबत, या सगळ्यावर तिला काय वाटतं याच्यावर एक अख्खा अंक झाला असता, तिला नुसतं वाहन करून ठेवलंय असं मला वाटलं. ती कसर २०२१मध्ये डॅनियल वॉरेन जॉन्सनने भरून काढली, त्याच्या पाच अंकांत स्कटलबट चक्क माणसाच्या आकारात येते, बिलचा हातोडा तोवर मोडलेला असतो आणि त्यामुळे त्याला आपल्या मूळ रूपात परत जाता येत नाही, कायमचं घोड्याचं तोंड. तिथे सूड वगैरे काही नाही, एक माणूस आरशात बघायला घाबरतोय बास. चित्रं तर अशी की शाई अजून ओली असावी.

तर क्रम कसा ठेवायचा? १९८३चे तीन आधी वाचाच, त्यावाचून पुढच्या कशालाच वजन येत नाही. २००५ची घाईत वाचली तरी चालेल, पहिला अंक नीट वाचा. मग 'गॉडहंटर', आणि ती मात्र रात्री नका वाचू, मी वाचली. आता जॉन्सनचे अंक दुसऱ्यांदा काढलेत, या वेळी फक्त स्कटलबटसाठी.