तुम्ही विचारलेत म्हणून : बिळातला मासा बाहेर कसा काढला

नेरुळला आमच्या घरी येणारी माणसे बैठकीतली खाऱ्या पाण्याची टाकी पाहतात, मऊ प्रवाळांचे कौतुक करतात आणि चहा येईपर्यंत हमखास विचारतात, "तो पट्ट्यापट्ट्यांचा मासा कुठे गेला? आणि एवढ्या दगडांतून तुम्ही तो काढलात तरी कसा?" तो पकडण्याच्या खटाटोपात असताना मी भेटेल त्याला त्याच्याविषयी तक्रार ऐकवत होतो, तेव्हा या प्रश्नाला मीच जबाबदार आहे. उत्तर मात्र चहाच्या एका कपात मावणारे नाही, म्हणून ते लिहून ठेवतो.

दुकानात या माशाला 'इंजिनिअर गोबी' म्हणतात, पण गोबी आणि ब्लेनी या तळाशी राहणाऱ्या छोट्या माशांच्या दोन गटांपैकी तो कशातच बसत नाही. डच मत्स्यशास्त्रज्ञ पीटर ब्लीकर यांनी १८५६ साली त्याचे वर्णन केले आणि फोलिडिक्थिस ल्युकोटेनिया हे नाव दिले. त्याच्या कुळात एकच प्रजाती-गट आहे आणि त्यात तो धरून अवघ्या दोन जाती आहेत. त्याचे मूळ घर पश्चिम प्रशांत महासागरात, फिलिपीन्सपासून सॉलोमन बेटांपर्यंतच्या प्रवाळखडकांत आहे. पिल्लू काळे असते, अंगावर एक पांढरी रेघ असते आणि ते विषारी काट्यांच्या पट्टेरी शिंगाळ्यासारखे दिसते, त्यामुळे शिकारी मासे त्याच्या वाटेला जात नसावेत. मी घेतले तेव्हा ते माझ्या करंगळीएवढे होते आणि विकणाऱ्याने "चार इंचांवर जात नाही" असे छातीठोकपणे सांगितले होते. हा मासा फुटाच्याही पुढे जातो. चार वर्षांत आमचा सव्वा वीत झाला, रेघेची जागा उभ्या पट्ट्यांनी घेतली आणि त्याचे बाहेर हिंडणेही जवळजवळ बंद झाले.

त्याचे खोदणे मी तासन्‌तास पाहिले आहे. बिळाच्या तोंडाशी आधी नुसते बोथट डोके दिसे. तोंडात वाळूचा तोबरा भरलेला असे, दोन्ही गालफडे ताणलेली असत. वीतभर बाहेर येऊन तो तोबरा भस्सकन सोडून देई, क्षणभर थांबे आणि शेपटी न वळवता तसाच मागे सरकत आत जाई. पुन्हा तोबरा, पुन्हा भस्सकन, अर्ध्या मिनिटात दोनदा. निसर्गात या वाळूला जागा कमी नसते. चार फुटी टाकीत मात्र ती नेमकी झोआंथिडच्या (दगडावर ताटव्यासारख्या पसरणाऱ्या मऊ प्रवाळांच्या) ताटव्यावर पडत होती. मी पिचकारीने वाळू उडवायचो आणि संध्याकाळपर्यंत ताटवा पुन्हा गाडलेला असायचा. वाळूखाली मिटून राहिलेले झोआंथिड दोन-तीन आठवड्यांत कडेने कुजू लागले. (दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने ते माझ्याकडे नाहीत, जे आहेत त्या मऊ प्रवाळांचाही जीव काही स्वस्त नाही.)

तरीही मी चालढकल केली असती. एका रात्री दोनच्या सुमारास बैठकीतून ठप्प असा आवाज आला आणि पाहतो तर मधला मोठा दगड पुढच्या काचेवर रेललेला होता. काच फुटली नाही हे नशीब. खाली सहाव्या मजल्यावर तीनशे लिटर खारे पाणी गेले असते. यात माशाइतकाच दोष माझा होता. दगड आधी तळाच्या काचेवर नीट बसवायचे आणि वाळू नंतर ओतायची असते. मी आधी वाळू अंथरून तिच्यावर दगड रचले होते, म्हणजे खोदणाऱ्यापुढे पायाच मोकळा ठेवला होता.

जाळीने पकडण्याचा प्रयत्न तासभर केला. त्यात टँग मासा घाबरून दगडाला घासला गेला आणि ज्याला पकडायचे तो पहिल्याच मिनिटात आत गेला होता. सगळे दगड उपसून काढा, असे अनेकांनी सुचवले. ते मी शेवटचा उपाय म्हणून बाजूला ठेवले, कारण जाड वाळूच्या तळाच्या थरात प्राणवायू नसतो, तिथे हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो आणि तो थर एकदम उसकटला तर एका माशासाठी अख्खी टाकी पणाला लागते. मग दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा आत बसवला, तळाशी दिवाळे कोळीवाड्यातून आणलेल्या करंदीचे तुकडे ठेवले. या सापळ्यात दोन्ही क्लाउनफिश सापडले, सफाई करणारी कोळंबी सापडली, तीही दोनदा. इंजिनिअर महाशय बाटलीभोवती एक फेरी मारून परत गेले.

इथे मला आमच्या इमारतीतल्या एका आजोबांची मदत झाली. ते मूळचे खाडीकाठच्या गावातले आगरी गृहस्थ. वलगणीचे मासे धरण्यात त्यांचे बालपण गेले होते. बाटली पाहून ते हसले. पहिल्या पावसात चढणीला लागलेला मासा अशा निमुळत्या तोंडाच्या सापळ्यात शिरतो, कारण त्याला पुढे जायचेच असते, असे त्यांचे म्हणणे. पण बिळातल्या निवट्याला, म्हणजे खाडीच्या चिखलात राहणाऱ्या माशाला, कुठेही जायचे नसते. त्याच्यामागे चिखलात धावणारा नुसता चिखल खातो. निवट्याच्या बिळाला दुसरे तोंड असते, ते आधी शोधावे लागते.

मी दोन रात्री लाल कागद गुंडाळलेली विजेरी घेऊन टाकीपुढे बसलो. बिळाला तीन तोंडे निघाली, आणि एक गोष्ट ध्यानात आली. मासा उघड्यावर थांबत नव्हता. जिथे थांबे तिथे त्याची पाठ वरच्या दगडाला आणि पोट वाळूला टेकलेले असे. त्याला खाण्यापेक्षा अंगाला चारी बाजूंनी लागणारा आडोसा हवा होता, आणि पारदर्शक बाटलीत नेमका तोच नव्हता.

म्हणून दोन इंची करडा पीव्हीसी पाइप दीड फूट कापून घेतला, एका टोकाला टोपण लावले, पाणी वाहते राहावे म्हणून टोपणाला बारीक भोके पाडली आणि कापलेली कड घासून गुळगुळीत केली. बिळाची दोन तोंडे दगडांच्या तुकड्यांनी बुजवली. तिसऱ्या तोंडाला लागून पाइप वाळूत अर्धा पुरला. त्यानंतर दहा दिवस मी काहीही केले नाही, आणि सगळ्यात अवघड काम तेच होते. फक्त रोज रात्री दिवे मालवल्यावर लांब चिमट्याने करंदीचा तुकडा द्यायचा: आधी पाइपच्या तोंडाशी, मग चार बोटे आत, मग अगदी टोपणापाशी. सहाव्या दिवशी त्याने पाइपमधून वाळूचा तोबरा बाहेर टाकला, तेव्हा त्याने जागा ताब्यात घेतली हे कळले. अकराव्या रात्री शेपटी पूर्ण आत गेलेली पाहून मी बाही वर करून हात घातला, तोंडावर तळवा दाबला आणि पाइप उभा करून वर उचलला. बायकोने बादली पुढे धरली. भोकांतून पाणी गळत होते आणि तळव्यावर आतून बोथट धडका बसत होत्या, एवढाच काय तो संघर्ष.

"मग खाडीत का नाही सोडला?" हा पुढचा प्रश्नही ठरलेला. ठाणे खाडीचे पाणी पावसाळ्यात गोडसर होते, तळाशी गाळ असतो. तिथे तो बहुधा मेला असता, आणि जगला असता तर ते अधिक वाईट झाले असते. ज्या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, तिच्यात प्रशांत महासागरातला पाळीव मासा सोडणे हा अडाणीपणा आहे.

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहणाऱ्या एका स्नेह्याकडे प्रवाळ नसलेली, फक्त माशांची सहा फुटी टाकी आहे, तिचे दगड काचेवर घट्ट बसवलेले आहेत. झाकणबंद बादली, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि जुळवून घेतलेले तापमान, असा प्रवास त्याच रविवारी झाला. बादलीत तो पाइपमध्येच बसून होता. तिथे पोहोचल्यावर त्याला बाहेर काढण्याचा आम्ही बराच प्रयत्न केला आणि शेवटी पाइपसकट टाकीत ठेवला. स्नेही सांगतात की अजून तो त्याच पाइपमध्ये राहतो, त्यामुळे पाइप परत मागण्याचा प्रश्नच येत नाही.