साडेचार फुटी लेथ : इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे

मागच्या नोंदीनंतरचं काम एका वाक्यात संपतं. लेथवर, म्हणजे धातू फिरवत कातायच्या मशीनवर, एम१० चा (१० मिमी व्यासाचा) स्टड कातला, त्यावर १.५ पिचचे, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांत १.५ मिमी अंतर असलेले, आटे पाडले आणि बाजारातला साधा नट त्यावर बोटांनी फिरला. पण त्या स्टडपर्यंत पोचताना बरंच काही करावं लागलं. जुना बेल्टवाला लेथ घरी आणलेल्या कुणालाही ते चुकणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी मशीनचा तपशील आधी. साडेचार फुटी बेड, स्टेप पुली, वेग कमी करणारा बॅक गिअर, स्पिंडलच्या (फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) आट्यांवर बसणारा आणि कातायचा तुकडा पकडणारा चक, आणि आटे पाडताना टूल सरकवणारा, इंचाला चार आटे असलेला लीड स्क्रू. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी आलं आणि हा कोपऱ्यात गेला. आता तो आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. मोटर एक एचपी थ्री फेज, घरात मात्र सिंगल फेज. त्यामुळे सिंगल फेजचं थ्री फेज करून मोटरचा वेगही बदलणारा व्हीएफडी बसवला. मोटरच्या आतली जोडणी स्टार होती, ती वाइंडरकडून डेल्टा करून घेतली, म्हणजे २३० व्होल्टवर पूर्ण ताकद देते. मोटरची प्लेट वाचल्याशिवाय हे करू नका. ४१५ व्होल्टला मुळातच डेल्टा असलेल्या मोटरला हा उपाय लागू पडत नाही.

बेडची लेव्हल मागेच केली होती, पण पाणसळीवर माझा पूर्ण भरवसा नाही. खरं काय ते कातलेला जॉबच सांगतो. ४० मिमीचा बार चकमधून १२० मिमी बाहेर काढला, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार दिला नाही. दोन्ही टोकांना रुंद कॉलर ठेवून मधला भाग खाली उतरवला. मग एकाच सेटिंगवर दोन्ही कॉलरवरून अगदी हलका कट फिरवला आणि मायक्रोमीटर लावला. चकपासून लांबची कॉलर ०.०४ मिमीनं जाड निघाली. लांबचं टोक जाड, म्हणजे तिकडे टूल अक्षापासून दूर जातंय. त्यासाठी टेलस्टॉककडच्या पायांपैकी आपल्या बाजूचा, पुढचा पाय उचलायचा. बेडला किंचित पीळ बसतो आणि टूल आत सरकतं. पायाखालच्या शिम पट्ट्या कमीजास्त करून फरक मायक्रोमीटरवर जेमतेम दिसेल इतका खाली आणला. सगळी दुपार यातच गेली. पण ही तपासणी न करता ज्याला टेपर (निमुळतेपणा) येतो, तो टेलस्टॉक हलवत बसतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

आता टूलबद्दल. इथं माझं मत ठाम आहे : अशा मशीनवर शिकायचं तर एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलचं टूल. कार्बाइड टिप वाईट नाही, पण तिला वेग लागतो, मशीनचा ताठपणा लागतो, आणि खोल कट घेतला तरच ती खरी चालते. आमचा स्पिंडल तेवढा पळत नाही. शेजारच्या गल्लीतले एक काका उभी हयात टर्नर होते. संध्याकाळी चहाच्या निमित्तानं शेडमध्ये येतात. त्यांनी माझी टिपांची डबी उघडून पाहिली आणि बंद करून ठेवली. "हे कंपनीत चालतंय रं. तुझ्या मशीनचा वेग केवढा, ह्याचा तोरा केवढा!"

हिशेब सोपा आहे. एचएसएसनं माइल्ड स्टील कातताना मिनिटाला २५ ते ३० मीटर वेग धरायचा. आरपीएम म्हणजे हजार गुणिले वेग, भागिले पाय गुणिले व्यास. २५ मिमीच्या बारला २५ मीटरनं ३१८ येतात, म्हणजे पुलीच्या मधल्या पायरीवर काम भागतं. पितळेला वेग वाढवला तरी चालतो, पण टूलचा माथा सपाट हवा. रेक, म्हणजे माथ्याला उतार, दिला की टूल पितळेत ओढलं जातं. ॲल्युमिनियम टूलच्या धारेला चिकटतं, त्यावर रॉकेलचे दोन थेंब पुरतात.

धार लावताना दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवायची सवय अनेकांना असते. एचएसएस जरा तापल्यानं मऊ पडत नाही. उलट खूप तापवून एकदम पाण्यात घातला तर धारेला बारीक तडे जातात. हाताला चटका बसायला लागला की बुडवावा, एवढंच.

टूलची उंची पाहायला सहा इंची स्टीलची पट्टी पुरते. गोल जॉब आणि टूलचं टोक यांच्यात ती उभी, हलकेच दाबून धरायची. पट्टीचं वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल सेंटरच्या खाली आहे, जॉबकडे झुकलं तर वर आहे, सरळ उभी राहिली तर बरोबर. फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कातताना, मध्ये बोंडासारखा उंचवटा उरतो, तोही बहुतेक वेळा उंचीमुळेच. आणि टूल टूलपोस्टच्या बाहेर कमीत कमी काढायचं. काका शेडच्या दारातूनच ओरडतात, "किती भाईर काढलंयस त्ये? आत घे, आत घे!" चॅटरच्या, म्हणजे कातताना टूल थरथरण्याच्या, निम्म्या तक्रारी एवढ्यानंच मिटतात.

मग आटे. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ ला आला, पण लेथ बनवणारे पुढेही वर्षानुवर्षं इंची लीड स्क्रू देत राहिले. इंचाला चार आटे म्हणजे लीड स्क्रूचा पिच ६.३५ मिमी. त्यावर १.५ मिमी पाडायचे तर स्पिंडल आणि लीड स्क्रू यांच्यातल्या गिअरचं गुणोत्तर १.५/६.३५, म्हणजे ३०/१२७. म्हणूनच जुन्या मशीनच्या गिअरच्या संचात १२७ दातांचा एक भला मोठा गिअर असायचा. माझ्या संचात वीसपासून पाच-पाचच्या पायरीनं सगळे आहेत, तेवढा १२७ नाही. भंगारात गेला असणार. पर्याय ६३ दातांचा. ६३/८० आणि ३०/१०० अशी जोडी लावली की पिच १.५०००च्या ऐवजी १.५००२ येतो. दहा आट्यांच्या लांबीत हा फरक दोन मायक्रॉनच्या आसपास. मायक्रोमीटरचा लीड स्क्रू करायचा नसेल तर कशाला चिंता? उद्यमनगरात ६३ चा गिअर हॉबिंगवर (गिअरचे दात कापायच्या मशीनवर) कापून मिळाला. दात जुळावेत म्हणून संचातला एक गिअर नमुन्याला नेला होता.

इंची स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफ नट (टूल वाहणारं कॅरेज लीड स्क्रूला जोडणारा नट) उघडायचा नाही. एक पास झाला की टूल आतबाहेर नेणारी क्रॉस स्लाइड मागे घ्यायची, मोटर उलटी फिरवून कॅरेज मागे आणायचं, मग पुढचा कट. आट्यांवर बसणाऱ्या चकला इथं खरा धोका आहे. मोटर झटक्यात उलटी केली तर चक सुटून येऊ शकतो. म्हणून व्हीएफडीवर थांबण्याचा आणि वेग घेण्याचा वेळ वाढवून ठेवलाय, बॅक गिअर लावलेला असतो, आणि मशीन पूर्ण थांबल्याशिवाय दिशा बदलत नाही.

बार ९.९ मिमीला उतरवला, आट्यांच्या शेवटी खाच पाडली, ६० अंशांचं टूल गेज लावून काटकोनात बसवलं. पहिला पास नुसता ओरखडा. त्यावर पिच गेज धरला, दहा आटे पट्टीवर मोजले, १५ मिमी भरले. आट्याची खोली पिचच्या ०.६१३ पट, म्हणजे ०.९२ मिमी. माझ्या क्रॉस स्लाइडचा डायल हजारांश इंचाचा, त्यामुळे ३६ घरं. सुरुवातीला चार-चार घरं, नंतर दोन, शेवटी एकेक. शेवटचे दोन पास कट न वाढवता फिरवले. कटिंग ऑइल ब्रशनं लावत राहिलो. चिप तारेच्या आकड्यानंच ओढायची. हातमोजे नकोत, अंगठी नको.

हा स्टड छोट्या स्क्रू जॅकसाठी आहे, ड्रिलिंग करताना जॉबला खालून टेकू द्यायचा. बेस बीडाचा (ओतीव लोखंडाचा) कातला. बीड कोरडंच कातावं. काळी भुकटी बेडवर बसली की पॉलिश पेपरसारखी घासते, म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि काम संपल्यावर बेड पुसून तेल लावलं. बेसला ८.५ चं ड्रिल मारून आतले आटे पाडणारा एम१० टॅप फिरवला. डोक्याला नर्लिंग (पकडीसाठी खडबडीत नक्षी) केलं, ते मला अजून मनासारखं जमलेलं नाही, दोन जागी दुहेरी उमटलंय.

पुढचं काम आतल्या आट्यांचं. चकची बॅकप्लेट नवी करायची आहे आणि ती स्पिंडलच्या नाकावर घट्ट बसायला हवी. त्यासाठी आधी भोक आतून कातणारा बोअरिंग बार घडवायचा. १६ मिमीचा बार आणि पुढे ६ मिमीचा एचएसएस तुकडा, असं सध्या डोक्यात आहे. काका म्हणतात २० चा घे, भोकात मावतोय तर बारीक कशाला.