गायमुखच्या चढावर दोन क्लच

जुलैत ठाण्याच्या घोडबंदर रोडला खड्डे पडतात, गायमुख घाटात एखादा कंटेनर बंद पडतो आणि मागे कासारवडवलीपर्यंत रांग लागते. त्या रांगेतल्या एक-दोन गाड्या दुसऱ्या दिवशी टोइंगच्या गाडीवर बसून वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजला येतात. मी गिअरबॉक्सचंच काम करतो, त्यामुळे हे आता सवयीचं झालंय. पण यंदाच्या पावसाळ्यात आलेली एक गाडी, आणि तिच्याबरोबर आलेले बापलेक, यांच्याबद्दल लिहायलाच हवं.

गाडी दीड लिटर टर्बो पेट्रोलची सेडान. दीडशे पीएसच्या आसपास ताकद, सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स, स्टीअरिंगमागे गिअर बदलायचे पॅडल. मालक पंचविशीचा मुलगा. राहायला ओवळ्याजवळ, नोकरी मीरा रोडला, म्हणजे रोज जाता-येता गायमुख. गाडीवर त्याचा जीव. वडील एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. सगळी हयात कसारा आणि माळशेज घाटात गेलेली.

तक्रार अशी की काही आठवड्यांपासून गाडी सुटताना थरथरायची, मग डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना येऊ लागली, आणि आदल्या संध्याकाळी भर पावसात घाटात गाडीने पुढे जायलाच नकार दिला. वॉरंटी संपलेली. दुसऱ्या एका ठिकाणी दाखवली तर ‘अख्खा गिअरबॉक्स बदला’ म्हणून काही लाखांचं एस्टिमेट हातात दिलेलं. वडिलांचा निर्णय झाला होता. मला म्हणाले, “मिस्त्री, ही विकायला काय येईल तेवढं सांगा. ऑटोमॅटिकचं खूळ पुरे झालं. साधी मॅन्युअल घेऊ.”

मुलगा गप्प. त्याचा चेहरा मला बघवला नाही.

मी म्हटलं, “काका, आधी बघू तरी द्या.”

स्कॅनर लावला. क्लच तापल्याच्या नोंदी ओळीने होत्या, आणि प्रत्येक नोंदीशेजारी त्या वेळचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर. हायवेवर पळवताना एकदाही नाही. म्हणजे या गाडीला वेगाने काही केलं नव्हतं.

मग गाडी थंड असताना शेडपुढच्या रॅम्पवर पहिल्या गिअरमध्ये चढवली. थाडथाड थाडथाड, दारं वाजेपर्यंत. खाली घेतली, वळवली आणि तोच रॅम्प रिव्हर्समध्ये चढवला. लोण्यासारखी वर गेली. वडील छत्री धरून बाहेर उभे होते. त्यांनी मला हाताने खूण करून पुन्हा एकदा करायला लावलं. पुन्हा तेच.

इथेच मला अर्धं उत्तर मिळालं होतं. ड्युअल क्लच म्हणजे आत मॅन्युअलसारखेच गिअर, दातात दात बसणारे. पण ते दोन शाफ्टवर वाटलेले आणि प्रत्येक शाफ्टला स्वतःचा क्लच. या गाडीत पहिला, तिसरा, पाचवा, सातवा एका क्लचवर. दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स दुसऱ्यावर. तिसऱ्यात पळत असताना चौथा आधीच टाकून तयार असतो, म्हणून एक क्लच सुटत असतानाच दुसरा पकडतो आणि चाकाकडे जाणारी ओढ तुटत नाही. आता पहिला गिअर थरथरतो आणि रिव्हर्स थरथरत नाही, तर गिअरबॉक्सला दोष कशाला द्यायचा? दोष विषम गिअरांच्या क्लचमध्ये. अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगणाऱ्याने गाडी एकदा रिव्हर्समध्ये चढावर घेतली असती तर या बापलेकांची झोप उडाली नसती. या गोष्टीचा मला आजही राग येतो.

गिअरबॉक्स खाली उतरवला, क्लचचा संच बाहेर काढून टेबलावर ठेवला. विषम बाजूची प्लेट घासून संपत आलेली, प्रेशर प्लेटवर निळे डाग, वर तो ओळखीचा जळका वास. सम बाजू बरीच शाबूत. मी काही समजावून सांगायच्या आत वडील वाकले, निळ्या डागावरून बोट फिरवलं आणि मुलाकडे वळले.

“अरे, हा तर हाफ क्लचचा जाळ आहे. तू चढावर हाफ क्लचवर गाडी धरतोस?”

“बाबा, या गाडीला क्लचच नाहीये.”

“पेडल नाहीये. क्लच हा काय समोर पडलाय.”

या विषयावर मी तासभर बोललो असतो तरी याहून नेमकं बोललो नसतो. घाटातल्या रांगेत हा मुलगा ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी जागच्या जागी तोलून धरायचा, किंवा अर्धवट ब्रेकवर इंच-इंच सरकवायचा. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गाडीत हे चालून जातं. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल फिरतं; घसरण होते ती तेलात, आणि उष्णता तेलाबरोबर कूलरकडे जाते. या गाडीतला क्लच मात्र कोरडा. त्याला हवेशिवाय थंड करणारं काही नाही, आणि पावसाळी रांगेत ताशी चार किलोमीटरने हवा लागणार ती किती?

वडिलांनी मग मूळ प्रश्न विचारला, की असं असेल तर लोक हे घेतातच कशाला. प्रश्न रास्त होता. दोन क्लचची कल्पना जुनी आहे. फ्रेंच इंजिनिअर अदोल्फ केग्रेसने ती दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच मांडली होती. १९८०च्या दशकात पोर्शेने ती रेसच्या गाड्यांमध्ये वापरली, आणि २००३ साली फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ मधून ती रस्त्यावरच्या गाडीत आली. आपल्याकडे २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली तेव्हा हॅचबॅक घेणाऱ्या पोरांना पहिल्यांदा कळलं की गिअर इतका झटक्यात पडू शकतो. मोकळ्या रस्त्यावर त्याला तोड नाही, हे मी मनापासून मानतो. नाशिक हायवेवर पडघ्याच्या पुढे, रस्ता मोकळा असताना पॅडल ओढून तिसरा टाका; गाडी श्वास न घेता पुढे जाते. मॅन्युअलमध्ये कितीही हात बसलेला असला तरी तेवढ्यापुरती ओढ तुटतेच.

पण गेल्या काही वर्षांत टॉर्क कन्व्हर्टरनेही मोठी मजल मारली आहे. पूर्वीचा चार गिअरचा ऑटोमॅटिक आळशी असायचा, कारण कन्व्हर्टर सतत घसरत राहायचा. आता आठ गिअर असतात आणि गाडी जरा चालू लागली की लॉकअप क्लच बसून ती घसरण थांबते. बीएमडब्ल्यूने आपल्या एम५ मध्ये सात गिअरचा ड्युअल क्लच वापरला होता; २०१७च्या पिढीत त्यांनी तो काढून आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर बसवला. सहाशे पीएसची गाडी! तेव्हा ‘कन्व्हर्टर म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी’ हे बोलणं आता सोडून द्यायला हवं. आणि मॅन्युअलही संपलेला नाही. पोर्शेने ९११ जीटी३ फक्त पीडीकेवर, म्हणजे त्यांच्या ड्युअल क्लचवर विकून पाहिली, पण २०१७ मध्ये गिऱ्हाइकांसाठी सहा गिअरचा मॅन्युअल परत आणला. वेळ जास्त लागला तरी चालेल, गिअर आपल्या हाताने टाकायचाय, असं म्हणणारी माणसं जगभर आहेत. हे ऐकून काकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

नवा क्लच संच मागवला. बसवताना डायल गेजने माप घेऊन शिम, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ चकत्या, निवडाव्या लागतात, आणि मग स्कॅनरवरून गिअरबॉक्सला क्लच कुठे पकडतो ते नव्याने शिकवावं लागतं. या कामात घाई केली की गाडी पुन्हा थरथरत परत येते.

गाडी तयार झाल्यावर मी दोघांना मुद्दाम संध्याकाळीच बोलावलं. मुलगा स्टीअरिंगवर, वडील शेजारी टॅबलेट घेऊन, मी मागे. टॅबलेटवर क्लचचं तापमान चालू ठेवलं होतं. माजिवड्यापासून मानपाडा, पातलीपाडा करत घाटाशी पोचेपर्यंत आकडा नव्वदीच्या आसपास. चढ लागला, रांग लागली. मी म्हटलं, “रोज चालवतोस तशीच चालव.” त्याने पायावर गाडी तोलली. आकडा शंभर, एकशेवीस, आणि बघता बघता दीडशेच्या वर. काका आकडे मोठ्याने वाचत होते आणि दर आकड्याला त्यांचा आवाज चढत होता.

“आता ब्रेक पूर्ण दाब. पुढच्या गाडीला जाऊ दे. दोन गाड्यांची जागा झाली की ब्रेक सोड आणि सरळ निघ. मध्ये रेंगाळायचं नाही.”

ब्रेक पूर्ण दाबला की गिअरबॉक्स क्लच सोडून देतो. घासायला काही उरतच नाही. मागचा टेम्पोवाला हॉर्न मारत राहिला, डावीकडून एक रिक्षा आमच्या मोकळ्या जागेत घुसली. तरी घाटमाथा येईपर्यंत आकडा एकशेवीसच्या खाली आला. काकांनी टॅबलेट मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “आम्हाला ट्रेनिंगला हेच शिकवायचे. चढावर गाडी धरायची ती ब्रेकने.”

फाउंटन हॉटेलच्या पुढे चहा घेताना त्यांनी मला स्पष्ट विचारलं, की रोज याच रस्त्याने जायचं असेल तर तुम्ही कोणती गाडी घ्याल. मीही स्पष्ट सांगितलं. गायमुख रोजचं असेल तर टॉर्क कन्व्हर्टर. ड्युअल क्लचच हवा असेल तर तेलात बुडालेल्या क्लचचा, जसा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये येतो. तो उष्णता बराच सोसतो. गाडी शनिवार-रविवारीच निघणार असेल आणि चालवण्याची हौस असेल तर मॅन्युअल. पण दारात उभी असलेली, आतून धडधाकट असलेली गाडी विकून नुकसान सोसायला मी सांगणार नाही.

गाडी राहिली. परतीच्या वाटेवर मुलाने हळूच विचारलं, “दादा, रीमॅप करू का? टॉर्क अजून वाढेल म्हणतात.” रीमॅप म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ओढ वाढवणं. मी नाही म्हटलं. या कोरड्या क्लचची मर्यादा साधारण अडीचशे न्यूटन-मीटरची, आणि त्याचं इंजिन कंपनीतून येतानाच जवळपास तेवढा टॉर्क देतं. वडील पुढून म्हणाले, “मिस्त्री, हे त्याला लिहूनच द्या.” मी बिलाच्या मागे लिहून दिलं.