काहून परत आला बे?

अमेरिकेतून परत का आलो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर सांगणं सोडलंच होतं. धरमपेठेत तर्री-पोहे खाताना भेटलेला वर्गमित्र "काहून परत आला बे?" म्हणतो आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतो, "त्या पर्यावरणवाल्यांनी शेल गॅस बंद पाडला म्हणून, ना?"

नाही बाबा. पेनसिल्व्हेनियातली माझी नोकरी २०१५ मध्ये गेली ती गॅसचे भाव कोसळले म्हणून. पर्यावरणाचे नियम त्याआधीही होते आणि गॅसविहिरी खोदणाऱ्या रिग्ज धडाक्यात चालू होत्या. न्यूयॉर्कचं वेगळं. शेजारच्या त्या राज्याने २००८ पासून परवाने अडवून धरले आणि डिसेंबर २०१४ मध्ये फ्रॅकिंगवर, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडक फोडून गॅस काढण्यावर, बंदीच जाहीर केली. खाली गॅस धरून ठेवणारा खडक तोच, मार्सेलस शेल. सीमेच्या अलीकडे रिग्ज, पलीकडे गाई चरताहेत. म्हणजे धोरणाने काही होत नाही, असंही मी म्हणणार नाही.

माझं काम होतं ड्रिलिंगच्या आधी घरोघरच्या विहिरींतल्या पाण्याचे नमुने घ्यायचं. कंपनी ते पुण्य म्हणून करत नव्हती. २०१२ च्या कायद्याने गॅसविहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, बारा महिन्यांत कुणाचं पाणी बिघडलं तर दोष कंपनीचाच धरला जाई. पाणी आधीपासूनच खराब होतं हे दाखवायचं तर आधीचा नमुना हवा.

एका सकाळी सत्तरीची एक बाई लोणच्याच्या बरणीत पाणी घेऊन आली. राखी रंगाचं, बुडबुडे सुटलेलं. मी तिच्या घरी गेलो, जीपीएस लावून अंतर मोजलं. परत मोजलं. दोन्ही वेळा २,६४० फूट. रेषेबाहेर, म्हणून आधीचा नमुना कुणी घेतलेलाच नव्हता. तिने कॉफी दिली; ती विकतच्या बाटलीतल्या पाण्याची, हे तिने मुद्दाम सांगितलं. मी म्हणालो, "या भागातल्या विहिरींत मिथेन वायू मुळातच असतो." हे खरं आहे, आजही खरं आहे. ती म्हणाली, "मग चाळीस वर्षं कुठे होता?"

माझ्या फॉर्मात या प्रश्नाला रकाना नव्हता. मी बरणीवर चिठ्ठी चिकटवली आणि निघालो.

रेषा मी आखली नव्हती. ती नसती तर २,००० फुटांवरच्यांनाही काही मिळालं नसतं. हे मी स्वतःला बऱ्याचदा ऐकवलंय. पण नोकरी लागली तेव्हा नियम म्हणजे नुसती कटकट असं छातीठोक सांगणाराही मीच. एका गॅसविहिरीच्या फ्रॅकिंगला दीड-दोन कोटी लिटर पाणी लागतं, हा आकडा तेव्हा मला फुशारकीचा वाटायचा. आता मे महिन्यात गल्लीत टँकर आला की हिशेब आपोआप होतो: दहा हजार लिटरचे दीड-दोन हजार टँकर.

आणि आपल्याकडे? २०१३ मध्ये शेल गॅसचं धोरण आलं, ओएनजीसीने खंबातच्या खोऱ्यात विहिरी खणून पाहिल्या, व्यावसायिक उत्पादन काही उभं राहिलं नाही. त्याचंही खापर पर्यावरणवाल्यांवर फोडणारे काका मला परवा एका लग्नात भेटले. "मग कायदा असावा की नसावा?"

"असावा," मी म्हणालो.

"किती फुटांचा?"

तेवढ्यात वाढपी जिलबी घेऊन आला. मी ताट पुढे केलं.